इंग्लंडमधला औषधाचा दंड

आता आपल्याकडच्याही लेकी-सुना इंग्लंडात नांदतात. कधी तिकडून फोन येतो, “आई, औषधासाठी १०० पौंड दंड आलाय!” इथे आपल्याला धडकी.

इंग्लंडात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ठरावीक पैसे पडतात, २०२४ पासून ९ पौंड ९० पेन्स. (स्कॉटलंड, वेल्समध्ये ते नाहीतच.) गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर वर्षभर माफी असते. पण नुसतं पोट दिसून भागत नाही, सुईणीला किंवा डॉक्टरांना सांगून माफीचा दाखला काढावा लागतो. दाखल्याशिवाय माफीची खूण केली की तपासणीत नाव निघतं. मग औषधाचे पैसे, वर त्याच्या पाचपटीपर्यंत दंड. हा दंड १०० पौंडांच्या वर जात नाही, पण वेळेत भरला नाही तर आणखी ५० पौंड लागू शकतात.

लेकीला म्हणावं, घाबरून लगेच भरू नकोस, पत्र कपाटातही टाकू नकोस. आधी दाखल्याच्या तारखा बघ. औषध घेतलं त्या दिवशी दाखला चालू असेल, तर तसं कळवल्यावर दंड रद्द होतो. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, म्हणूनही नोंद जुळत नाही. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच!

दाखला नव्हताच, तर? मुद्दाम किंवा निष्काळजीपणे केलं नाही हे दाखवता आलं, तर नियमाने दंड लागत नाही, औषधाचे पैसे मात्र द्यावे लागतात. तेव्हा सुईणीने काय सांगितलं, अर्ज कधी दिला, हे तारखांसकट लिहून पत्रात दिलेल्या पत्त्यावर २८ दिवसांच्या आत पाठवायचं.