ढग दिसल्यावर ताडपत्री नको

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कारखाना म्हटलं की घाटाखालच्या माणसाला आधी जिनिंग-प्रेसिंग आठवतं. खामगावला तर 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तोच मुळी कापसासाठी. पुढं तेलगिरण्या, डाळमिल आल्या, औद्योगिक वसाहती झाल्या. आज मात्र मी जिनिंगबद्दलच बोलणार आहे, कारण वारा, पाणी, वीज आणि आग या चौघांचीही गाठ तिथं एकाच आवारात पडते.

आपत्ती म्हटलं की आपल्याला 26 जुलै 2005 ची मुंबई आठवते, 2021 चा महाड-चिपळूणचा पूर आठवतो. जुलै 2023 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, काही तासांच्या पावसानं दाणादाण उडवली तेव्हा हे संकट आपल्या दारीही आहे हे कळलं. पण जिनिंगचा हंगाम पावसाळ्यात नसतो. तो दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे आवारात कापूस भरलेला असताना येतो तो नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस, 2014 सारखी फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि एप्रिल-मेमधलं वादळ. मे महिन्यात पावसाळापूर्व तयारीची बैठक घेणाऱ्यांचा निम्मा धोका त्याआधीच येऊन गेलेला असतो.

अशा दुपारी आवारात काय होतं? पश्चिमेला काळं भरून येतं, वारा सुटतो आणि मुनीमजी ओरडतात, ‘ताडपत्री टाका!’ चार-सहा माणसं कापसाच्या उंच गंजीवर चढतात. मोकळं आवार, आवारात सर्वांत उंच गंजी आणि तिच्या टोकावर ती माणसं. वीज पडायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. एका जिनिंगमध्ये मी हे पाहिलं आहे. वाऱ्यानं ताडपत्रीचं शीड झालं आणि दोर धरलेला गडी तिच्यासकट खाली आला. कापूस मऊ होता म्हणून हाडं शाबूत राहिली. मालकांनी आधी विचारलं, गंजी किती भिजली?

मालकांना दोष देणं सोपं आहे. गंजीत त्यांचे लाखो रुपये अडकलेले असतात. पण नागपूरच्या हवामान केंद्राचा अंदाज आदल्या दिवशी मिळतो, विजेची सूचना ‘दामिनी’ ॲपवर येते. पिवळा इशारा असेल त्या दिवशी संध्याकाळी घरी जाण्यापूर्वीच गंजी झाकून, दोर खुंट्यांना बांधून ठेवता येतात. आणि गडगडाट ऐकू आला की कोणीही वर चढायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत. हा हुकूम देण्याचा अधिकार मुनीमजींना किंवा फिटरला आधीच, लेखी द्या. मालक अकोल्याला गेलेत आणि फोन लागत नाही, एवढ्या कारणासाठी कुणी विजेखाली उभं राहता कामा नये.

आता शेडकडं बघू. पुढून उघडी आणि मागून बंद शेड असेल तर वारा आत शिरून पत्र्यांना खालून रेटतो, वरून जाणारा वारा त्यांना ओढतो. पत्रे आधी कडेचे आणि कोपऱ्यांचे जातात. म्हणून हूक-बोल्ट तिथं जास्त हवेत, गंजलेले हंगामाआधीच बदलायला हवेत. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची आपल्याकडं रीत आहे. वादळात ते दगडच लोकांच्या डोक्यात पडतात.

वादळात लाइट जाते. त्या वेळी जिनमध्ये कापूस अडकलेला असतो आणि कामगार तो हातानं काढू लागतो. लाइट गेल्यावर स्टार्टर आपोआप पडायला हवा, पण सारखा पडतो म्हणून तो दोरीनं बांधून ठेवलेला मी पाहिला आहे. मग लाइट येते आणि हात आत असतानाच रूळ फिरू लागतात. लाइट गेली की आधी मेन स्विच खाली, मग हात आत. आवारात पाणी शिरलं असेल तर मोटार वाळवून, मेगरनं तपासल्याशिवाय सुरू करू नका. पॅनल नि जनरेटर उंच ओट्यावर घ्या. आपली काळी माती पाणी लवकर सोडत नाही आणि कंपाउंडची भिंत नाल्याच्या वाटेत बांधली असेल तर पाणी आवारातच तुंबतं.

शेवटी सरकी. भिजलेल्या सरकीचा ढीग आतून तापतो. आकाश निवळल्यावर सगळे विसरतात आणि चार-सहा दिवसांनी ढिगातून वास येऊ लागतो. पाऊस होऊन गेला की रोज सकाळी एक लोखंडी सळई ढिगात खोलवर खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि काढून हात लावून बघा. सळई हाताला सोसवेनाशी झाली तर ढीग फोडून पसरा. मात्र पाण्याच्या बादल्या आणि पाइप जवळ आणून ठेवल्याशिवाय ढिगाला फावडं लावू नका, कारण आत धुमसत असेल तर वारा लागताच ते पेटतं.