पेन्सिल कोणाच्या हातात?
(दहावी १९९८ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला, 'व्यक्तिमत्त्व विकासाची ध्येये'. मी म्हटलं, अरे, आपण चाळिशी ओलांडली, आता कसला विकास! पण नंतर विचार केला की ध्येय ठरवणं म्हणजे काय हे मला आयुष्यात एकदाच नीट कळलं, आणि तेही चूक करून. तीच गोष्ट सांगते.

आपली दहावी झाली, बारावी झाली आणि मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. मराठी माध्यमातून गेलेल्यांना पहिलं वर्ष आठवत असेल. आपण त्वरण, घर्षण, संवेग शिकलेलो. तिथे तेच सगळं इंग्रजीत, आणि तेही भरधाव. मी वहीच्या मागे दोन रकाने आखून शब्द लिहायचे, एकीकडे मराठी, एकीकडे इंग्रजी. कसंबसं पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी आमच्या एका मॅडमनी बोलावून सांगितलं, "पहिल्या वर्षाला मराठी माध्यमाच्या पाच मुली आल्या आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसशील का?" मला आकाश ठेंगणं झालं. मी शिकवणार!

त्याच रात्री डायरीत ध्येयं लिहिली. पाचही जणी पास झाल्या पाहिजेत. माझा आत्मविश्वास वाढला पाहिजे. माझा संयम वाढला पाहिजे. तीन ओळी, खाली रेघ, तारीख, सही.

होस्टेलच्या मेसमध्ये, जेवणं आटोपली की आम्ही बसायचो. मी धडाधड गणितं सोडवायचे. मेकॅनिक्समधली ती शिडी आठवते? गुळगुळीत भिंतीला टेकवलेली, खालची जमीन खडबडीत. शिडीवर कोणकोणती बलं लागतात ते बाण काढून दाखवायचं. मी सर्रकन चार बाण काढायचे आणि विचारायचे, "समजलं का?" पाचही माना हलायच्या. "हो ताई." मी खूश. मैत्रिणींना सांगायचे, माझं शिकवणं त्यांना फार आवडतं.

परीक्षा झाली, निकाल लागला. पाचांपैकी एकीचा मेकॅनिक्स राहिला. सगळ्यात नियमित येणारी, वही सगळ्यात नीटनेटकी असलेली, तीच. मी तिच्या खोलीवर गेले. खरं सांगायचं तर थोडी रागावूनच गेले होते. ती म्हणाली, "ताई, तू सोडवतेस तेव्हा मला सगळं येतं. पेपरात तू नव्हतीस."

ती टोमणा मारत नव्हती, हो. अगदी साधेपणानं म्हणाली. मी खोलीवर परत आले आणि तिच्या वहीची पानं डोळ्यांसमोर आणली. प्रत्येक पानावर अक्षर माझं होतं. सगळी गणितं मी सोडवली होती आणि तिने बघितली होती.

मग डायरीतली ध्येयं पुन्हा वाचली. 'पाचही जणी पास', हे माझ्या हातात नव्हतंच, पेपर त्या लिहिणार होत्या. 'संयम वाढला पाहिजे', पण तो वाढला की नाही हे आज संध्याकाळी कसं कळणार? मोजायचं कशाने? म्हणून ती तीन ओळी खोडल्या आणि नवीन लिहिल्या. या वेळी फक्त मी काय करणार आणि काय करणार नाही, एवढंच.

पहिलं, पेन्सिल तिच्या हातात राहील. मी ती घेणार नाही.

दुसरं, प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजेन, मगच तोंड उघडेन.

तिसरं, "समजलं का?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी म्हणायचं, "आता तू मला समजावून सांग."

चौथं, मला येत नसेल तर सरळ सांगेन, "मला येत नाही, उद्या विचारून येते."

पाचवं माझ्यासाठी होतं. आठवड्यात दोनच संध्याकाळी. कारण त्या सत्रात कौतुकाच्या नादात मी चार-चार दिवस बसत होते आणि माझे स्वतःचे मार्क घसरले होते.

वहीच्या शेवटच्या पानावर चुकलं की एक काडी मारायची, असं ठरवलं. पहिल्या संध्याकाळी एकट्या पेन्सिलच्या रकान्यात अकरा काड्या! मला धक्काच बसला. आपण किती वेळा दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि ते दहा आकडे! समोरची मुलगी गप्प, मी गप्प, मेसमधला नळ ठिबकतोय. सहापर्यंत मोजलं की वाटायचं, सांगून टाकावं बिचारीला.

पण एका संध्याकाळी आठ मोजून झाले आणि तीच मुलगी म्हणाली, "ताई, भिंत गुळगुळीत आहे, म्हणजे तिथे घर्षण नाही. मग भिंत शिडीला फक्त आडवं ढकलेल. शिडी घसरू नये म्हणून जे धरून ठेवतं ते खाली जमिनीवरच, बरोबर ना?" पहिल्या सत्रात मी तो बाण काढून दिला होता, पण का काढला हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. माझे दहा आकडे जरा जास्तच होते म्हणायचे!

ती मुलगी पुढच्या वेळी मेकॅनिक्स सुटली. मात्र दुसरी एक जण यायची बंद झाली. "ताई आता सांगतच नाही," म्हणाली. तिला कसं थांबवून घ्यायचं ते मला जमलं नाही. काड्याही कधी शून्यावर आल्या नाहीत, वर्षाअखेरीला दोन-तीनवर आल्या. आज ऑफिसात नवीन मुलं हाताखाली येतात, तेव्हाही माझा हात त्यांच्या की-बोर्डकडे जातोच.

आता शेवटचं. आपले गणिताचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही आमच्यापैकी एकाच्या हातात खडू द्यायचात आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहायचात. आम्ही फळ्यासमोर घामाघूम. आम्हाला वाटायचं, सर रागावलेत, नाहीतर सरांना कंटाळा आला. सर, तुम्ही मनात आकडे मोजत होतात, हे मला मेसमध्ये बसल्यावर कळलं. सांगायला मात्र इतकी वर्षं लागली.

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं यंदा दहावी-बारावीला आहेत. आज घरी गेलात आणि मुलाचं गणित अडलेलं दिसलं, तर शेजारी जरूर बसा. फक्त पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या.