घर सजवलं, नाव राहिलं
(भूम येथील महिला मेळाव्यातील भाषण)

भूममधलं एक घर सांगते. एकच खोली, वर माळवद. खव्याच्या भट्टीवर राबणाऱ्या बाईनं भिशीच्या पैशांत ती नीट केली. आधी माळवदावरची जादा माती उतरवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूरकडं अशाच ओझ्याखाली माणसं गाडली गेली, हे ती विसरली नव्हती. मग मोरीला आडोसा, भांड्यांना फळी, चुलीपाशी झरोका, जुन्या लुगड्याचा पडदा.

मी शाबासकी दिली. घर कुणाच्या नावावर, हे विचारलं नाही. ही माझी चूक. वर्षभरात नवऱ्यानं तिला त्याच घरातून बाहेर काढलं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क मागता आला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. जुन्या घरांचं काय?

म्हणून आता गटात दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं, की मी आधी घराचा उतारा बघायला मागते. माती, चुना, पत्रे त्यानंतर. तुम्हीही घरी जाऊन आपापला उतारा बघा.