अमेरिकेतील सैन्य-नावनोंदणीचे कायदे : स्वागताध्यक्षीय भाषण

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने सक्तीच्या सैन्यभरतीसाठी पुरुषांची देशव्यापी यादी प्रथम केली ती यादवी युद्धात. ३ मार्च १८६३ च्या कायद्यानुसार अधिकारी घरोघर फिरून २० ते ४५ वर्षांच्या पुरुषांची नावे उतरवू लागले. पण ३०० डॉलर भरणाऱ्याला, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस देणाऱ्याला सूट होती. मजुराला एवढी रक्कम कोठून जमणार? जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली, आणि तिचा सर्वांत क्रूर घाव पडला तो निरपराध कृष्णवर्णीयांवर.

१९१७ च्या कायद्याने या दोन्ही पळवाटा बुजवल्या. ५ जून रोजी २१ ते ३० वर्षांच्या पुरुषांनी स्वतः केंद्रावर जाऊन नाव नोंदवले; कोणाला बोलवायचे हे नागरिकांच्या स्थानिक मंडळांनी ठरवले. १९४० मध्ये शांतताकाळातही असा कायदा आला.

व्हिएतनाम युद्धात अन्यायाने नवे रूप घेतले. महाविद्यालयात शिकणाऱ्यांची भरती पुढे ढकलली जाई, त्यामुळे ओझे शिक्षण न परवडणाऱ्यांवर अधिक पडे. म्हणून १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. ३६६ तारखांच्या कुप्या पुरेशा मिसळल्याच नव्हत्या. वर्षअखेरीस जन्मलेल्यांचे क्रमांक वरचे, म्हणजे भरतीसाठी आधी बोलावले जाणारे, लागण्याकडे कल होता. संख्याशास्त्रज्ञांनी तो दाखवून दिला आणि पुढच्या वर्षी पद्धत सुधारावी लागली. जिवाचा प्रश्न असताना एवढी काटेकोर तपासणी झाली, हे फार मोलाचे आहे.

सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, नोंदणी १९७५ मध्ये. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. संकटात यादी करण्यात वेळ जाऊ नये आणि भार ठरावीक घरांवरच पडू नये, हा तिचा हेतू. नोंदणी म्हणजे भरती नव्हे. भरतीसाठी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागेल. १८ ते २५ वयोगटातील नागरिक आणि बहुतेक स्थलांतरित पुरुष या कायद्याखाली येतात. तेथील मराठी घरांतील ग्रीन कार्डधारक मुलगेही त्यात आले.

या परिषदेस आलेल्या इतिहासाच्या व कायद्याच्या अभ्यासकांचे मनःपूर्वक स्वागत करताना स्वागत समिती एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवते: समान वाट्याच्या या कायद्यात स्त्रिया कोठे आहेत? लढाऊ कामे स्त्रियांना बंद असल्याच्या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पुरुषांपुरती नोंदणी वैध ठरवली. ती बंदी २०१५ पर्यंत पूर्ण उठली. नोंदणी मात्र पुरुषांपुरतीच राहिली.