रेंज हीसुद्धा शेतीची निविष्ठा आहे
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी पदवी घेतलेला माणूस बोलायला उभा राहिला की आता बोंडअळी नाहीतर खोडमाशी निघणार, असे तुम्ही धरूनच चालता. आज त्यातले काहीच नाही. आज मी मोबाईलच्या रेंजवर, इंटरनेटवर आणि टीव्हीवर बोलणार आहे. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसताहेत. हसा, पण शेवटपर्यंत बसा. हिशेब तुमच्याच खिशाचा आहे.

गेल्या जानेवारीत मी पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला, मावळात पवना धरणाच्या काठावर एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला होतो. त्या काठाने आता शेतकऱ्यांनी तंबू टाकले आहेत. शनिवार-रविवार शहरातली माणसे येतात, चुलीवरचे जेवतात, तंबूत झोपतात, सकाळी पाणी बघून परत जातात. या शेतकऱ्याचे आठ तंबू होते. शिवाय घरासारखी सोय असलेली मोठी गाडी, जिला कॅरॅव्हॅन म्हणतात, ती उभी करायला त्याने जागा सपाट करून ठेवली होती. पाण्याचा नळ आणि विजेचा खटका दिला होता. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले, २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे आणले. ते वाचून गड्याने कर्ज काढले होते.

त्या संध्याकाळी निगडीहून अशी एक गाडी आली. आत नवरा-बायको, पोरगा आणि म्हातारे वडील. पोराने उतरता उतरता विचारले, "वाय-फाय आहे का?" बाईंना रात्री हिंजवडीच्या कचेरीचे काम होते. वडिलांना मॅच बघायची होती. आणि नवऱ्याने हळूच विचारले, "वडिलांना हृदयाचा त्रास आहे. रात्री गरज पडली तर फोन लागेल ना?" शेतकऱ्याने खरे ते सांगितले, "दादा, त्या टेकाडावर गेलात की दोन दांड्या येतात." नऊ वाजता गाडी परत फिरली. केलेला स्वयंपाक आम्हीच खाल्ला.

जेवताना तो मला म्हणाला, "साहेब, त्यांचं चुकलं नाही. दोन वर्षांमागं माझ्याच बापाच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन लावायला मी अंधारात त्याच टेकाडावर पळत गेलो. बाप वाचला. पण ती चढण मला अजून झोपेत दिसते."

त्या खोऱ्याचे पाणी नदीने खाली जाते, रावेतला उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या नळाला येते. शहराला खोऱ्यातून पाणी नेता आले, खोऱ्यात फोनची रेंज मात्र पोचली नाही. जिथे गिऱ्हाईक दाट तिथे टॉवर, हा कंपनीचा हिशेब आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण आपला हिशेब आपणच मांडायला हवा.

तुम्ही म्हणाल, हे पवनेच्या काठावरचे दुखणे, आमच्या कोरडवाहू शिवाराचा काय संबंध? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, हुरडा. ज्वारी क्विंटलने विकली तर काय मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. तीच ज्वारी दुधात असताना शेकोटीवर भाजून, दही-चटणी-गुळासोबत पाहुण्याला दिली तर एका गुंठ्याचे किती होतात, ते पुणे-नगर रस्त्यावरच्या हुरडा पार्ट्यांत जाऊन बघा. पण पाहुणा खिशात नोटा घेऊन येत नाही. तो फोन काढून पैसे भरतो आणि रेंज नसली की "घरी गेल्यावर टाकतो" म्हणतो. त्यातले किती येतात, हे हुरडावाल्यांना विचारा.

दुसरी, पांढरे सोने. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागू लागली. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे. तिचा फोटो बांधावर उभे राहून काढायचा. पीकविम्यात नुकसानीची खबर देण्याची अट असली तर ती ७२ तासांत द्यायची. सरकारने कागद बंद करून फोन आणला, पण फोन चालेल की नाही ते तुमच्या नशिबावर सोडले.

तिसरी, रात्री-अपरात्री साप चावला तर. यावर मी जास्त बोलत नाही.

म्हणून मी म्हणतो, बी, खत, पाणी, वीज, तशीच रेंज ही निविष्ठा आहे. आणि निविष्ठा म्हटली की ती कुठून येते, कशी चालते, कितीला पडते, हे शेतकऱ्याला कळलेच पाहिजे.

थोडा इतिहास बघू. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण सोडून पुढे नारायणगावाकडे गेले की आर्वी हे गाव लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे विक्रम उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. परदेशाशी बोलणे त्या थाळीतून होऊ लागले. त्याच रस्त्यावर चाकणच्या बाजारात १९७८ साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी उभा राहिला, तेव्हा त्याच्या घरात फोन नव्हता. दुसऱ्या बाजारात काय भाव फुटला, हे व्यापाऱ्याला सकाळी कळे आणि आपल्याला गाडी रिकामी केल्यावर. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल फोन लागला. २००३ पर्यंत तर आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. ज्या दिवशी लायसन सैल झाले आणि कंपन्यांत चढाओढ लागली, त्या दिवसापासून फोन गरिबाच्या हातात आला. हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेच्या निधीसाठी घेतली जाते. आज त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे तुमच्या प्रत्येक रिचार्जमधून तुमच्याच गावाच्या नावाने पैसा जातो आहे. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. २०२३ साली तिच्यासाठी आणखी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन विचारा : आपल्याकडे तार आली का? पेटी चालू आहे का? की जेसीबीने तोडलेली तार तशीच पडून आहे? हे विचारणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे. पैसा तुमचा आहे.

आता कामाचे बोलू. शेतात किंवा मुक्कामाच्या जागेवर रेंज आणायची कशी?

आधी शिवार तपासा. माती परीक्षणाला आपण चार ठिकाणची माती घेतो, तसेच हे. दोन-तीन कंपन्यांची सिम घ्या आणि शेताच्या चार कोपऱ्यांत, विहिरीवर, घराच्या गच्चीवर फिरा. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा असतो, तो उणे असतो. उणे ९० म्हणजे चांगले, उणे ११५ म्हणजे मरतुकडे. हे शनिवारी रात्रीही करून बघा, कारण गर्दी झाली की टॉवर थकतो. लहरी सरळ रेषेत चालतात, डोंगराआड सावली पडते. ओल्या पाल्यात त्या मुरतात आणि पत्र्यातून आत शिरत नाहीत. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचा पत्र्याचा डबाच. बाहेर दोन दांड्या असल्या तरी आत शून्य. तुमच्या पत्र्याच्या गोदामातही तेच होते.

यावर दुकानदार तुम्हाला बूस्टर विकेल. घेऊ नका. परवानगीशिवाय बूस्टर लावणे हा गुन्हा आहे, आणि त्याने शेजारच्या दहा जणांची रेंज बिघडते. त्याऐवजी सिम बसणारा फोर-जी राउटर घ्या आणि त्याचा अँटेना बाहेर वीस-पंचवीस फुटी पाइपावर टॉवरच्या दिशेने लावा. फोनमधले 'वाय-फाय कॉलिंग' सुरू केले की रेंज नसलेल्या खोलीतूनही फोन लागतो. २०१९ च्या अखेरीपासून ही सोय आपल्याकडे आली आणि बहुतेक नव्या फोनमध्ये ती आहे. पवनेच्या त्या शेतकऱ्याला मी हेच सुचवले. टेकाडावर दोन दांड्या येतात ना? मग राउटर टेकाडावर बसव, तू कशाला चढतोस?

पण टेकाडावरून घरापर्यंत, किंवा गावातल्या फायबरपासून तीन किलोमीटर लांबच्या शेतापर्यंत, आणायचे कसे? इथे एक मोकळीक झाली आहे. वाय-फायच्या लहरींना लायसन लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ साली. मंजुरीचा शिक्का असलेली दोन छोटी यंत्रे समोरासमोर लावली की तीन किलोमीटरवर इंटरनेट जाते, तार लागत नाही. अट एकच, एकाला दुसरे नजरेला दिसले पाहिजे. नुसते दिसून भागत नाही. मध्यावर ती रेषा झाडांच्या शेंड्यांपासून निदान बारा-तेरा फूट वर हवी. पेरणीच्या वेळी लागलेली लाइन ज्वारी निसवल्यावर बंद पडली तर यंत्राला शिव्या देऊ नका, खांब उंच करा.

वीज नाही म्हणता? हिशेब करा. समजा यंत्र बारा वॅटचे आहे. चोवीस तासांचे २८८ वॅट-तास झाले. शंभर वॅटची सौर पाटी कडक उन्हाच्या दिवशी चारशेच्या आसपास देते. बारा व्होल्टची चाळीस अँपियर-तासांची बॅटरी रात्र काढते. आभाळ भरून आले की कमी पडेल, तेव्हा दुप्पट पाटी धरून चाला. आणि खांबाला अर्थिंग कराच. माळावर वीज आधी उंच खांबच शोधते.

टीव्हीचे सोपे आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. थाळी आणि पेटी एकदाच घ्यायची. उपग्रह आपल्या आग्नेयेला, जमिनीपासून साधारण साठ अंशांवर आहे. एवढ्या उंचावर असल्याने लांबचे डोंगर आड येत नाहीत, जवळचे झाड मात्र येते. मुक्कामाच्या जागेवर थाळी गाडीवर ठेवू नका. गाडी हलली की दिशा गेली. ओळंब्यात लोखंडी खांब गाडा, थाळी त्यावर कायमची लावा आणि पाहुण्याला फक्त वायर द्या. खांबाला कुंपण घाला, नाहीतर बैल अंग घासून चित्र घालवील. जोराच्या पावसात चित्र अडकते, तेव्हा पाहुण्याला आधीच सांगून ठेवा.

उपग्रहावरून थेट इंटरनेट येणार, असे तुम्ही ऐकता. स्टारलिंक कंपनीला २०२५ साली आपल्याकडे लायसन मिळाले. ते तुमच्या गावात मिळेल त्या दिवशी भाव विचारा आणि वरच्या खर्चाशी ताडून बघा. नवे म्हणून घ्यायचे नाही आणि नवे म्हणून टाळायचेही नाही.

आता एक धोक्याची सूचना. कनेक्शन तुमच्या नावावर असते. पाहुण्याने त्यावरून काही वावगे केले तर पोलीस तुमच्या दारात येतात. पासवर्ड पाटीवर रंगवून ठेवू नका. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी ही पद्धत मंजूर केली. तिच्यात चहाच्या टपरीवालासुद्धा, लायसन आणि नोंदणीच्या फीशिवाय, वाय-फाय विकू शकतो. वापरणाऱ्याची ओळख फोनवर आलेल्या आकड्याने पटवली जाते. पाच रुपयांचे कूपन असो की पन्नासचे, रोखीचे गिऱ्हाईक. शेतकऱ्याच्या पोराला हा धंदा का जमू नये?

खर्च एकट्याला झेपत नसेल तर पाच जण मिळून करा. समजा सगळा खर्च चाळीस हजार आला. पाच जणांत आठ हजार प्रत्येकी. तीन वर्षांत वाटले तर महिन्याला सव्वादोनशेच्या आत पडते, आणि महिन्याचे बिल वेगळे. आता त्यासमोर परत गेलेली एक गाडी, न आलेले हुरड्याचे पैसे आणि चुकलेली विम्याची खबर मांडा. आतबट्ट्याचे निघाले तर करू नका. मी भरीस घालणार नाही.

शेवटी पवनेकडचे सांगतो. मार्चमध्ये त्याचा मला फोन आला. टेकाडावर राउटर आणि सौर पाटी बसवली होती, खाली घरी एक यंत्र. मी विचारले, "गाड्या येतात का रे?" म्हणाला, "येतात दोन-चार. पण साहेब, मी तुमच्याशी आईच्या खोलीतून बोलतोय."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शिवाराचा कागद आणायचा आहे. चार कोपरे, विहीर आणि घर, कुठे कोणत्या कंपनीचा आकडा किती. ग्रामपंचायतीतली पेटी चालू की बंद, तेही लिहा. सगळे कागद जुळवून तालुक्याचा नकाशा करू आणि मग कोणाकडे काय मागायचे आणि आपले आपण काय करायचे, ते ठरवू.

एवढे बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.