कंबरेत वळणारा ट्रक

जयपूरच्या आमच्या वैशाली नगरात रस्त्याचं काम निघालं, की मी गॅलरीत उभा राहून रोलर बघतो. नातवापेक्षा मलाच कौतुक जास्त! वळताना त्याचं नुसतं पुढचं चाक फिरत नाही. अख्खं धूड मधोमध, कंबरेत वळतं. खातीपुऱ्याकडे दिसणारे लष्कराचे स्टॅलियन ट्रक मात्र तुमच्या-आमच्या गाडीसारखीच पुढची चाकं फिरवतात.

पण कंबरेत वळणारा लष्करी मालट्रकही होऊन गेलाय. अमेरिकेचा 'एम ५२० गोअर'.

१९५० च्या दशकात तिथल्या सैन्याची पंचाईत अशी, की रणगाडे चिखल तुडवत पुढे जायचे आणि त्यांचं इंधन, दारूगोळा आणणारे ट्रक मागे रुतून बसायचे. तोडगा मिळाला तो माती उपसणाऱ्या यंत्रांत. कॅटरपिलर कंपनीनं त्याच घडणीचा ट्रक केला: चार अगडबंब चाकं, दोन धडं, मध्ये सांधा. स्टिअरिंग फिरवलं, की हायड्रॉलिकच्या जोरावर गाडी सांध्यात वाकायची. सांधा पीळही घ्यायचा. पुढचं धड खड्ड्यात कललं तरी मागचं आपलं सरळ, त्यामुळे चाकं जमीन सोडत नसत. पाण्यात घातला तर हा गडी चक्क तरंगायचा आणि चाकांनीच पाणी मारत पुढे सरकायचा.

१९६६ साली काही नमुने व्हिएतनामच्या डोंगराळ भागात, प्लेइकूकडे गेले. तिथल्या पावसाळ्यात त्यांनी नाव कमावलं. तरी कारखान्यातून मोठ्या संख्येनं गाड्या निघाल्या त्या १९७२ ते १९७६ या काळात. टँकर आणि क्रेनवाले धरून सुमारे १३००. तोवर व्हिएतनाममधून अमेरिकी सैन्य परतायला लागलं होतं!

आणि या गाडीला बैलगाडीसारखेच पाटे नव्हते, स्प्रिंग नव्हती. दणके सोसायचे ते फुगीर टायरांनी. शेतात ते चालतं. डांबरी रस्त्यावर वेग घेतला, की गाडी चेंडूसारखी उसळायची. कमाल वेग ताशी ४८ किलोमीटर, रुंदी जवळपास नऊ फूट. शांततेच्या काळात फौजेची बहुतेक धाव रस्त्यावरच असते, तिथे हे वाहन सगळ्यांनाच जड झालं. १९८० च्या दशकात त्याची जागा आठ चाकांच्या 'हेम्ट'नं घेतली. तो पुढची चाकं फिरवून वळतो, अगदी स्टॅलियनसारखा.

आमच्या गल्लीतला रोलर मात्र रस्त्याच्या भानगडीत पडतच नाही. काम संपलं, की ट्रेलरवर चढतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसून घरी जातो.