शून्याखालचा भाव

आजचा विषय आहे बाजारभावाचं गणित. कवितेच्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं काहींच्या मनात येईल. मी बी.ए. मराठी, गणित दहावीनंतर सुटलं. पण वऱ्हाडात, कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानावर कवितेच्या आधी भाव पडतो. आणि भावाला सूत्रात बसवण्याचा जो खटाटोप सव्वाशे वर्षं चालला आहे, तो मला कादंबरीइतका गुंतवून ठेवतो.

या गोष्टीची सुरुवात पॅरिसमधली, १९०० सालची. लुई बाशेलिए हा ल हाव्र या बंदराच्या शहरातल्या वाईनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. आईवडील लवकर गेले, काही काळ घरची पेढी सांभाळली आणि मग हा गडी गणिताकडे वळला. त्यानं चक्क सट्ट्यावर प्रबंध लिहिला. परीक्षकांत प्वांकारेसारखा थोर गणिती होता. बाशेलिएचं म्हणणं असं, की उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. घेणारा आणि विकणारा दोघेही आपापल्या अंदाजानं उभे असतात. म्हणून उद्यासाठीचा उत्तम अंदाज म्हणजे आजचाच भाव. मात्र तो किती भरकटू शकेल, याचं माप काढता येतं. चार दिवसांत भाव एका दिवसाच्या चौपट नव्हे, साधारण दुप्पट दूर जातो. द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या भटकंतीवर आइनस्टाइननं लिहिलं ते १९०५ साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. बाशेलिए मात्र पुढे अर्धशतक विस्मरणात गेला.

अमेरिकेत पॉल सॅम्युएल्सन वगैरे अर्थशास्त्रज्ञांच्या हाती तो प्रबंध लागला, तेव्हा त्यांना त्यात एक खोट दिसली. रुपया-रुपयानं खाली येणारा भाव या गणितात शून्याच्याही खाली जाऊ शकतो. असं कुठं असतं का? कोणी माल देऊन वर पैसे देईल? मग त्यांनी रुपयांऐवजी टक्के धरले. भाकरी अर्धी करा, उरलेली पुन्हा अर्धी करा. तुकडा लहान होत जाईल, पण संपणार नाही. तसा हा भाव शून्याला कधी टेकतच नाही. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचं प्रसिद्ध सूत्र आलं ते याच पायावर, आणि १९७६ मध्ये फिशर ब्लॅकनं ते मालाच्या वायद्यांना लावलं. आपल्याकडचे जुने लोक ज्याला तेजी-मंदी लावणं म्हणत, त्या सौद्यांच्या किमती जगभर या सूत्रानं ठरू लागल्या.

यावर पहिला मोठा आक्षेप १९६३ मध्येच आला होता आणि तो कापसाच्या भावांवरून आला, याचं मला, खोटं कशाला बोलू, थोडं कौतुक आहे. बेन्वा मांदेलब्रो या गणितज्ञानं अमेरिकेतल्या कापसाच्या भावांच्या जुन्या नोंदी तपासल्या. सूत्राप्रमाणे जे धक्के क्वचितच बसायला हवेत, ते वारंवार बसत होते. ऐकून घेतलं गेलं. पण वापरायला सोपं होतं ते जुनंच सूत्र.

आणखी एक गोष्ट आहे. धान्य, तेल, तांबं यांचा भाव शेअरच्या भावासारखा नसतो. माल कुठंतरी ठेवावा लागतो. आमचे अब्बा जिनिंगमध्ये मापाडी होते. मंदीची चर्चा सुरू झाली की ते म्हणत, ''भाव मत देखो, गोदाम देखो.'' एदुआर्दो श्वार्ट्झ या अभ्यासकानं १९९७ मध्ये तेल, तांबं आणि सोनं यांच्या भावांची तुलना केली. तेल आणि तांबं लांब गेले तरी आपल्या जुन्या पातळीकडे ओढले जातात. सोन्यात ती ओढ त्याला सापडली नाही. तेल महागलं की नव्या विहिरी खोदल्या जातात, स्वस्त झालं की बंद पडतात. विजेचं तर विचारूच नका. ती मोठ्या प्रमाणात साठवणं अवघड. जर्मनीच्या वीजबाजारानं २००८ मध्येच उणे भावाला परवानगी दिली, कारण वारा सुटला आणि मागणी नसली की वीज घ्या म्हणून पैसे मोजण्याची पाळी येते.

तेलवाल्यांना मात्र हे आपल्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. अमेरिकन तेलाच्या वायद्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंग या गावी, टाक्यांमध्ये घ्यावी लागते. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीनं गाड्या थांबल्या आणि टाक्या भरत आल्या. उरलेली जागाही आधीच कोणी ना कोणी धरून ठेवलेली. मे महिन्याचा वायदा २१ एप्रिलला संपणार होता. ज्यांच्याजवळ सौदा होता पण टाकी नव्हती, ते २० तारखेला मिळेल त्या भावानं सुटू पाहू लागले. त्या दिवशीचा शेवटचा भाव होता पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर. शिकागोच्या बाजारानं आठ एप्रिललाच तशी पूर्वसूचना दिली होती. २२ तारखेपासून त्यानं तेलाच्या तेजी-मंदीसाठी जुनं सूत्र बाजूला ठेवलं आणि बाशेलिएचं लावलं. ज्या खोटीपायी त्याला दुरुस्त केलं गेलं, तीच आता कामाची ठरली.

याची झळ मुंबईपर्यंत आली. आपल्या एमसीएक्सवरचा तेलाचा वायदा अमेरिकेतल्या भावाला बांधलेला. एरवी इथला बाजार रात्री उशिरापर्यंत चाले. टाळेबंदीत तो संध्याकाळी पाचला बंद होत होता. २० एप्रिलला पाच वाजता पिंपाचा भाव हजार रुपयांच्या आसपास होता. अमेरिकेत तो शून्याखाली गेला तेव्हा इथं रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. ज्यांनी तेल स्वस्त झालं म्हणून घेऊन ठेवलं होतं, त्यांना विकायला दुकानच उघडं नव्हतं. आधी तात्पुरता भाव एक रुपया लावला गेला. मग अंतिम भाव जाहीर झाला, उणे २,८८४ रुपये. एका लॉटमध्ये शंभर पिंपं. म्हणजे लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर तोटा, आणि तोही ज्या वस्तूची किंमत फार तर शून्य होईल असं समजून घेतलेल्या सौद्यात. काही दलाल मुंबई उच्च न्यायालयात गेले. संध्याकाळनंतरचे व्यवहार पुन्हा सुरू झाले ते २३ एप्रिलला, म्हणजे तो वायदा संपून गेल्यावर.